पीके-सिममध्ये औषधाची रेषा खाली उतरतच नाही तेव्हा

जानेवारी उजाडला की आमच्या प्रयोगशाळेत तोच फोटो फिरायला लागतो. मोबाइलने तिरका काढलेला संगणकाच्या पडद्याचा फोटो, त्यात पीके-सिमचा आलेख, आणि खाली एक ओळ: "मॅडम, औषध शरीरातून जातच नाहीये." एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचे प्रबंध तोवर गळ्याशी आलेले असतात. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा सोडवलाय, की आता फोटो न बघताच उत्तर लिहायला घेते. म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच ठेवावं.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीके-सिम मुळात बायर या औषध कंपनीत तयार झालं. आता ते ओपन सिस्टिम्स फार्माकॉलॉजी या खुल्या प्रकल्पाचा भाग आहे, मोफत आहे आणि त्याचा मूळ कोड गिटहब या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. शरीराचं अवयववार प्रारूप त्यात तयारच असतं: यकृत, मूत्रपिंडं, आतडी, स्नायू, चरबी, आणि त्यांना जोडणारा रक्तप्रवाह. आपण औषधाचे गुणधर्म भरायचे, त्याला कोणतं एन्झाइम मोडतं ते सांगायचं, डोस द्यायचा, आणि रक्तातलं प्रमाण वेळेनुसार कसं बदलतं ते पाहायचं. कोड लिहावा लागत नाही, सगळं खिडक्या-बटणांचं काम. सोय त्यातच आहे आणि घोळही त्यातच. कोड चुकला तर संगणक ओरडतो. इथे बटण दाबायचं राहिलं तर तो मुकाट्याने चुकीचा आलेख काढून देतो.

उदाहरण म्हणून मिडाझोलाम हे गुंगी आणणारं औषध घेते. सीवायपी३ए४ हे एन्झाइम तपासायला जगभर हेच औषध वापरतात. ते जवळजवळ सगळं चयापचयानेच जातं. लघवीतून न बदलता बाहेर पडणारा भाग एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे प्रारूपात चयापचय बंद पडलं असेल तर मिडाझोलाम लगेच चुगली करतं.

आधी ठरवा, दुखणं कुठे आहे

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली. दोन मिलिग्रॅम मिडाझोलाम शिरेतून दिलेलं, माणूस ७३ किलोचा. रेषा सुरुवातीला झपकन खाली आली आणि मग टेबलासारखी सपाट. तिचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर बिघडलंय. काढून पुन्हा टाकावं लागेल. तिने तसं दोनदा करूनही झालं होतं.

मी कागदावर एक भागाकार केला. मिडाझोलामचं वितरणाचं आकारमान, म्हणजे औषध शरीरात जणू किती लिटरमध्ये पसरतं ते, किलोमागे साधारण १ लिटर धरलं, तर ७३ लिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २७ मायक्रोग्रॅम. रेणुभार ३२५.७७, म्हणून हेच ०.०८४ मायक्रोमोल प्रति लिटर. तिची सपाट रेषा याच आकड्याच्या शेजारी आडवी पडलेली. म्हणजे औषध शरीरभर पसरलं, पण पसरून तिथेच बसलं. सुरुवातीची घसरण वितरणाची होती. चयापचयाची घसरण सुरूच झाली नव्हती. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने इमानदारीने केलं होतं.

ही आकडेमोड नको असेल तर दुसरा सोपा मार्ग आहे. ओपन सिस्टिम्स फार्माकॉलॉजीच्या गिटहब संग्रहात तयार, तपासलेली प्रारूपं आहेत आणि मिडाझोलामचंही आहे. ते उतरवून आपल्या मशीनवर चालवा. ते नीट चाललं तर तुमची स्थापना निर्दोष. दोष तुमच्या प्रारूपात आहे. तेही चाललं नाही तरच पुढचा, स्थापनेच्या तक्रारींचा भाग वाचा, नाहीतर सरळ त्याच्यापुढे जा. पुन्हा स्थापना करणं हा आपल्याकडे सगळ्या रोगांवरचा काढा झालाय, आणि त्यात एक अख्खी दुपार जाते.

स्थापनेच्या तक्रारी

पीके-सिम विंडोजवरच चालतं. मॅकवाल्यांना आभासी विंडोज किंवा दुसऱ्याचा संगणक, यापलीकडे सुखाचा मार्ग मी पाहिलेला नाही.

महाविद्यालयाच्या संगणकांवर ॲडमिनचा पासवर्ड आपल्याकडे नसतो, तो ज्यांच्याकडे असतो ते जागेवर नसतात. अशा वेळी पोर्टेबल आवृत्ती घ्या. ती झिप फाइल असते, स्थापना करावी लागत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. झिपवर दोन टिचक्या मारून आतल्या आतच प्रोग्रॅम सुरू करू नका. विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या जागी काढतं आणि बाकीच्या तिला सापडत नाहीत. पूर्ण झिप एका फोल्डरमध्ये उलगडा. आणि उलगडण्याआधी झिप फाइलवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, तिथे खाली 'अनब्लॉक'ची चौकट दिसली तर तिच्यात खूण करा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं. तो शिक्का उलगडलेल्या प्रत्येक फाइलला चिकटतो, आणि मग काही घटक लोड व्हायला नकार देतात. उलगडून झाल्यावर आठवलं तर फोल्डर टाकून द्या आणि पहिल्यापासून करा, एकेका फाइलचा शिक्का काढत बसू नका.

दुसरी तक्रार जास्त फसवी. प्रोग्रॅम उघडतो, सगळ्या खिडक्या दिसतात, पण सिम्युलेशन चालवलं की अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) लोड करता येत नाही, मॉड्यूल सापडलं नाही, असा संदेश येतो. मुलं फोल्डरमध्ये जाऊन पाहतात, तर ती फाइल तिथेच असते! मग डोकं चक्रावतं. खरा अर्थ असा, की ती फाइल आहे, पण तिला ज्याचा आधार लागतो ते मशीनवर नाही. पीके-सिमच्या खिडक्या डॉटनेटमध्ये लिहिलेल्या आहेत, पण समीकरणं सोडवणारा भाग सी-प्लस-प्लसमधला आहे. त्याला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी-प्लस-प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं, आणि तेही ६४ बिटचं. ते टाकलं की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. पूर्ण सेटअप वापरला तर ही वेळ सहसा येत नाही. पोर्टेबलवाल्यांना हटकून येते.

तिसरी गोष्ट स्थापनेची नाही, पण लोक तिला स्थापनेत मोजतात. प्रोजेक्टची फाइल ही प्रत्यक्षात एसक्यूलाइटचा डेटाबेस असते. ती पेनड्राइव्हवर, नेटवर्कवरच्या सामाइक फोल्डरमध्ये किंवा ढगात आपोआप समक्रमित होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून काम केलं, तर कधी ती कुलूपबंद दिसते, कधी जतन करताना अडते. काम करताना फाइल स्वतःच्या सी किंवा डी ड्राइव्हवर ठेवा, संध्याकाळी बंद केल्यावर प्रत दुसरीकडे टाका. पेनड्राइव्हवरून थेट काम करून प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण गमावलेला मुलगा मी पाहिलाय. त्या दिवसानंतर तो रोज संध्याकाळी स्वतःलाच मेल करतो.

सपाट रेषेचं खरं कारण

आता मूळ मुद्दा. पीके-सिममध्ये चयापचय तीन ठिकाणी विभागलेलं असतं, आणि हेच कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही.

'इंडिव्हिज्युअल', म्हणजे माणूस, यात एन्झाइम राहतं: ते कोणत्या अवयवात किती आहे. 'कंपाउंड', म्हणजे औषध, यात प्रक्रिया राहते: ते एन्झाइम या औषधाला किती वेगाने मोडतं. आणि 'सिम्युलेशन' तयार करताना या दोघांना जोडावं लागतं. मुलगा तयार, मुलगी तयार, मुहूर्त निघालेला, पण आंतरपाट धरून दोघांना समोरासमोर उभंच केलं नाही, तर लग्न लागणार कसं?

त्या विद्यार्थिनीने औषधात सीवायपी३ए४ची प्रक्रिया अगदी काळजीपूर्वक भरली होती. शोधनिबंधातले आकडे, एककं, सगळं बरोबर. पण तिचा माणूस तिने नुसता वय-वजन-उंची भरून 'ओके' केला होता. त्याच्यात सीवायपी३ए४ नव्हतंच. सिम्युलेशन तयार करताना 'प्रोसेसेस'च्या पानावर एका रकान्यात माणसातलं एन्झाइम आणि दुसऱ्यात औषधातली प्रक्रिया दिसते. तिच्या इथे जोडीदार नसल्याची खूण होती. तिने 'नेक्स्ट' दाबलं. आपण सगळेच दाबतो.

उपाय: इंडिव्हिज्युअल उघडा, एक्स्प्रेशनच्या पानावर जाऊन चयापचय करणारं एन्झाइम जोडा. नाव औषधातल्या प्रक्रियेत जसं लिहिलंय तसंच लिहा. नावं जुळली की जोडी आपोआप लागते. एकीकडे नुसतं ३ए४ आणि दुसरीकडे पूर्ण नाव असं असेल तर यादीतून हाताने निवडावं लागतं आणि तिथेच विसरायला होतं. मग सिम्युलेशनवर उजवी टिचकी, 'कॉन्फिगर', आणि 'प्रोसेसेस'च्या पानावर जोडी लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे पान येईपर्यंत 'नेक्स्ट' खुशाल दाबा, इथे मात्र हात थांबवा.

एन्झाइम जोडतानाही एक खड्डा आहे. जनुक-अभिव्यक्तीच्या, म्हणजे कोणत्या अवयवात कोणतं एन्झाइम किती बनतं याच्या, डेटाबेसमधून शोधून जोडलं तर अवयववार प्रमाणं आपोआप भरली जातात. त्या डेटाबेसची फाइल सापडत नसेल तर मुलं एन्झाइमचं नाव हाताने टाकून मोकळी होतात. मग अवयवांच्या यादीत नजर टाका. सगळीकडे शून्य असेल, तर नावापुरतं एन्झाइम आलं आणि काम करायला कोणी आलंच नाही. जोडी लागलेली दिसते, खूण हिरवी दिसते, रेषा मात्र सपाटच. डेटाबेसची जागा पर्यायांच्या खिडकीत दाखवून द्या आणि एन्झाइम नव्याने शोधून जोडा.

बदल केला, पण आलेख तोच

सपाट रेषा सुटली की दुसऱ्या दिवशी हमखास येणारा प्रश्न हा. "मॅडम, मी क्लिअरन्स दुप्पट केला तरी आलेख जागचा हलत नाही." क्लिअरन्स म्हणजे शरीर औषध किती वेगाने साफ करतं ते.

सिम्युलेशन तयार होतं तेव्हा पीके-सिम माणसाची, औषधाची, डोसची प्रत काढून सिम्युलेशनच्या पोटात ठेवतं. तुम्ही नंतर बदलता ती डावीकडच्या यादीतली मूळ वस्तू. पोटातली प्रत तशीच राहते. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे: मागच्या महिन्यात चालवलेलं सिम्युलेशन आज केलेल्या बदलाने बिघडू नये. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं की यंत्र ऐकतच नाही.

सिम्युलेशन उलगडलं की त्याच्याखाली या प्रती दिसतात. मूळ आणि प्रत सारखी असेल तर हिरवी खूण, वेगळी झाली की लाल. लाल दिसलं तर उजवी टिचकी मारा. 'अपडेट' म्हणजे मूळ वस्तूतला बदल प्रतीत आणायचा. 'कमिट' म्हणजे प्रतीतला बदल मूळ वस्तूत न्यायचा. या दोघांची दिशा उलटी आहे, आणि घाईत चुकीचं दाबलं तर सकाळपासून भरलेले आकडे पुसले जातात. म्हणून आधी फरक दाखवणारा पर्याय निवडा. काय वेगळं आहे त्याची तक्ता-यादी समोर येते. ती वाचा, मग ठरवा. औषधात नवी प्रक्रियाच जोडली असेल तर नुसत्या अपडेटवर विसंबू नका, 'कॉन्फिगर' उघडून जोडी पुन्हा पाहा.

मी माझ्या वहीत प्रत्येक सिम्युलेशनसमोर तारीख आणि सगळ्या खुणा हिरव्या होत्या का, ते लिहिते. बावळटपणा वाटतो, पण परीक्षकांनी "हा आलेख कोणत्या आकड्यांवर?" विचारलं की ती वहीच कामाला येते.

रेषा उतरते, पण फारच हळू

हे प्रकरण मला स्वतःला सगळ्यात आवडतं, कारण यात एक आकडा सगळं उलगडून दाखवतो: ४.३२.

पीके-सिममध्ये एन्झाइमला एक संदर्भ-प्रमाण असतं. सीवायपी३ए४साठी ते यकृतात लिटरला ४.३२ मायक्रोमोल धरतात. हा आकडा कुठून आला? यकृताच्या मायक्रोसोममध्ये, म्हणजे यकृतपेशी फोडून वेगळ्या काढलेल्या एन्झाइमवाल्या तुकड्यांत, प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागे १०८ पिकोमोल सीवायपी३ए४ असतं, असं एक बरंच वापरलं जाणारं मोजमाप आहे. एक ग्रॅम यकृतात मायक्रोसोमचं प्रथिन साधारण ४० मिलिग्रॅम. १०८ गुणिले ४० म्हणजे ४३२० पिकोमोल प्रति ग्रॅम. ग्रॅमचा मिलिलिटर धरला, की लिटरला ४.३२ मायक्रोमोल. झालं.

आता गंमत पाहा. कमाल वेग म्हणजे एका एन्झाइम-रेणूचा वेग गुणिले एन्झाइमचं प्रमाण. तुम्ही कोणाच्या तरी निबंधातून एका रेणूचा वेग, म्हणजे के-कॅट, उचलला. त्यांनी तो ४.३२ धरून काढला होता. तुमच्या माणसात एन्झाइम हाताने टाकलेलं, संदर्भ-प्रमाण १ वर राहिलेलं. यकृताची मोडण्याची ताकद एका फटक्यात चौथ्या हिश्शाहूनही खाली. रेषा उतरते, म्हणून शंका येत नाही. फक्त हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, भलतीच लांबते. मिडाझोलामची निरोगी माणसात दीड ते अडीच तासांच्या घरात असते. तुमच्याकडे सात-आठ तास आली, तर सगळ्यात आधी हे संदर्भ-प्रमाण उघडून पाहा.

याच कुटुंबातली दुसरी चूक एककाची. काही निबंधांत वेग मायक्रोसोमच्या मिलिग्रॅम प्रथिनामागे दिलेला असतो, काहींत शुद्ध एन्झाइमच्या पिकोमोलमागे. दोन्हींत 'पिकोमोल प्रति मिनिट' हे शब्द असल्यामुळे डोळा फसतो. पण पहिल्याला दुसऱ्यात न्यायचं तर १०८ ने भागावं लागतं. भागायचं राहिलं तर उत्तर शंभर पटींनी चुकतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे प्रक्रिया-प्रकार आहेत, मायक्रोसोमचा वेगळा, शुद्ध एन्झाइमचा वेगळा. आकडा कोणत्या प्रयोगातून आलाय ते निबंधाच्या 'पद्धती' भागात जाऊन वाचा. तक्त्याच्या मथळ्यावर जाऊ नका. आणि आकडा भरताना पेटीशेजारचं एकक आधी निवडा, मग आकडा टाका, मग दोन्ही पुन्हा एकदा वाचा.

ओघात सांगते. पहिल्या दर्जाची प्रक्रिया (वेग औषधाच्या प्रमाणात वाढतच जातो) निवडायची की मिकेलिस-मेंटन (एन्झाइम भरून गेलं की वेग वाढायचा थांबतो), यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. मिडाझोलामच्या नेहमीच्या डोसला रक्तातलं एकूण प्रमाण मायक्रोमोलच्या काही दशांश भागाइतकंच असतं, त्यातही मोकळा, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, हिस्सा तीन टक्क्यांच्या आसपास. केएम, म्हणजे ज्या प्रमाणाला एन्झाइम निम्म्या कमाल वेगाने चालतं ते, काही मायक्रोमोलचा. इतक्या खाली दोन्ही समीकरणं एकच उत्तर देतात. तो वाद दुसऱ्या औषधासाठी राखून ठेवा.

शिरेतून बरोबर, तोंडावाटे जास्त

शिरेतून दिलेल्या डोसचा आलेख जुळतो, गोळीचा मात्र दीड-दोन पट वर येतो. आतड्याकडे पाहा. सीवायपी३ए४ फक्त यकृतात नसतं. लहान आतड्याच्या भिंतीतही भरपूर असतं. गिळलेलं मिडाझोलाम रक्तात पोचण्याआधी आतड्याची भिंत आपला वाटा घेते, मग यकृत घेतं, आणि दोघांचा वाटा जवळजवळ सारखा. प्रत्येक नाक्यावरून साधारण ५७ टक्के सुटलं तर शेवटी हाती ३२-३३ टक्के येतं. मिडाझोलामची तोंडावाटे उपलब्धता याच पट्ट्यात असते. ज्यांनी एन्झाइम हाताने टाकून फक्त यकृतात आकडा भरला, त्यांचा एक नाका बंद. औषध टोल न भरताच पुढे जातं.

याच्या उलटही होतं. गोळी आणि शीर, दोन्हींत रेषा फार लवकर कोसळते. तेव्हा औषधाच्या प्रक्रियांची यादी उघडा. एखाद्याने सुरुवातीला 'टोटल हेपॅटिक क्लिअरन्स', म्हणजे यकृताचा एकूण क्लिअरन्स, भरलेला असतो, नंतर मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून सीवायपी३ए४ जोडलेलं असतं, आणि पहिला काढायचा राहिलेला असतो. एकच काम दोन खात्यांवर लिहिलं गेलं. सिम्युलेशनमध्ये त्यातली एकच प्रक्रिया निवडा.

रेणुभाराच्या पेटीखाली हॅलोजनची (क्लोरीन, फ्लोरीन वगैरे अणूंची) संख्या विचारलेली असते, तिच्याकडेही कोणी पाहत नाही. मिडाझोलाममध्ये एक क्लोरीन आणि एक फ्लोरीन आहे. हॅलोजन जड असले तरी आकाराने त्या मानाने लहान, म्हणून पारगम्यता, म्हणजे पेशींच्या पडद्यातून आरपार जाण्याची क्षमता, काढताना सॉफ्टवेअर क्लोरीनमागे २२ आणि फ्लोरीनमागे १७ वजा करून परिणामी रेणुभार धरतं. ३२५.७७ चे २८६.७७ होतात. हे न भरल्याने रेषा सपाट होणार नाही, पण पेशींत शिरण्याचा वेग चुकेल आणि तुम्ही तो दोष दुसरीकडे शोधत राहाल.

आलेख बरोबर, वाचणारा चुकीचा

काही वेळा प्रारूपात काहीच चूक नसते. निष्पत्तीच्या (आउटपुटच्या) यादीत एकाच औषधाच्या कितीतरी रेषा असतात: शिरेतलं पूर्ण रक्त, प्लाझ्मा, प्लाझ्मातला मोकळा भाग, बाहूच्या शिरेतला प्लाझ्मा. रुग्णालयात रक्त बाहूतून घेतात, म्हणून तुलना 'पेरिफेरल व्हेनस ब्लड'मधल्या प्लाझ्माशी करा. मोकळ्या भागाची रेषा निवडली तर ती तीसेक पट खाली दिसते आणि "मॅडम, औषध शोषलंच जात नाही" असा नवा फोटो येतो.

प्रयोगातले आकडे एक्सेलमधून आणताना रेणुभार द्यायला विसरू नका. निबंधांत प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतं, पीके-सिम मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतं. रेणुभाराशिवाय एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, मग ठिपके आणि रेषा एका अक्षावर येत नाहीत. ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ०.१५ मायक्रोमोल प्रति लिटर, एवढं एक पाठ असू द्या. ठिपका कुठे पडायला हवा ते लगेच कळतं.

वक्राखालच्या क्षेत्रफळाचंही तसंच. तो आकडा मायक्रोमोल-मिनिट प्रति लिटरमध्ये येतो आणि ओळखीचा वाटत नाही. हाताने काढून पाहा. डोस २ मिलिग्रॅम, क्लिअरन्स तासाला २५ लिटर, तर क्षेत्रफळ ०.०८ मिलिग्रॅम-तास प्रति लिटर. हजाराने गुणून मायक्रोग्रॅम केले, रेणुभाराने भागून, साठने गुणून आलं १४.७. तुमच्या पडद्यावर पंधराच्या आसपास काही असेल तर चहा प्यायला जा. शंभराच्या वर असेल तर चयापचय अजून बंदच आहे.

शेवटची खात्री कुठे मिळते ते सांगते. निष्पत्तीत 'फ्रॅक्शन ऑफ डोस' नावाचा गट असतो. मेटाबोलाइट, म्हणजे औषध मोडून बनणारा पदार्थ, तुम्ही वेगळं औषध म्हणून भरलेलं नसलं तरी पीके-सिम त्याच्यासाठी एक खातं उघडतं, त्याच्या नावात औषध आणि एन्झाइम दोन्ही येतात. ती रेषा निवडा. शून्यापासून चढत चोवीस तासांत एकच्या जवळ गेली, तर सीवायपी३ए४ कामावर हजर आहे. शून्यावर आडवी पडली असेल तर माणसाच्या एक्स्प्रेशनच्या पानावर परत या. ती रेषाच यादीत नसेल तर जोडी लागलेली नाही, 'प्रोसेसेस'वर जा. त्या संध्याकाळी विद्यार्थिनीच्या यादीत ही रेषा नव्हती. दहा मिनिटांत एन्झाइम जोडलं, कॉन्फिगर केलं, पुन्हा चालवलं. ती रेषा ०.९९ वर जाऊन टेकली. लॅपटॉप मिटवताना ती म्हणाली, "म्हणजे दोनदा उगाच रीइन्स्टॉल केलं." मी काही बोलले नाही. माझ्या पहिल्या वेळी मी तीनदा केलं होतं.

एवढं करूनही अडलात, तर पडद्याचा फोटो पाठवू नका. प्रोजेक्ट 'स्नॅपशॉट' म्हणून निर्यात करा. ती साधी मजकूर-फाइल असते, लहान असते, आणि तिच्यात तुम्ही भरलेला प्रत्येक आकडा एककासकट दिसतो. सोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, 'फ्रॅक्शन ऑफ डोस'ची रेषा कुठे थांबली, आणि आकडे कोणत्या निबंधाच्या कोणत्या तक्त्यातून घेतले, एवढं लिहा. रात्री दहानंतर पाठवलंत तर उत्तर सकाळी मिळेल.